केरबाने कापलेली कमान

सह्याद्रीतल्या एका लहानशा संस्थानात रोहीणखिंड नावाची खिंड होती. खिंडीच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात केरबा नावाचा लोहार राहत होता. केरबाच्या हाताला गुण होता. नांगराचा फाळ असो की मोटेच्या चाकाचा कणा, त्याच्या भट्टीतून गेलेली वस्तू पुन्हा कुरकुरत नसे. मात्र त्याला कौतुकाची भूक फार. कुणी "वा, केरबा!" म्हटलं की त्या दिवशी त्याला जेवण नसलं तरी चाले.

खिंडीच्या माथ्यावर संस्थानची चौकी होती. पलीकडच्या मुलखातली एक टोळी अधूनमधून खिंड ओलांडून येई, गुरं हाकून नेई, गंजी पेटवून जाई. चौकीवरच्या मूठभर शिपायांच्या भरवशावर गाव झोपत असे. त्यांचे म्होरके होते जिवाजी सुभेदार. मिशा पिकलेल्या, पण कणा ताठ. आणि शिपायांमध्ये एक होता हैबती, केरबाच्या बायकोचा धाकटा भाऊ.

त्या साली संस्थानाने चौकीला नव्या विलायती बंदुका दिल्या. बंदुकीच्या खाली एक पत्र्याची पेटी होती. पेटीच्या पोटात नागमोडी पोलादी कमान. एकेक काडतूस वरून दाबायचं, म्हणजे कमान दबत जायची. आणि गोळी सुटली की तीच कमान पुढचं काडतूस वर ढकलायची. बंदूक झकास होती, पण कमान भलती ताठ. पेटी भरता भरता शिपायांच्या अंगठ्यांची सालटं निघत. थंडीत तर बोटं बधिर होत आणि काडतुसं हातातून निसटून खडकावर घरंगळत.

हैबती एकदा बहिणीकडे आला आणि अंगठा दाखवून म्हणाला, "दाजी, शत्रूनं मारायच्या आधी ही पेटीच मारती आम्हाला. काहीतरी करा की."

केरबाने बाभळीच्या लाकडाचा एक ठोकळा कोरला. तो अंगठ्यावर टोपीसारखा बसे आणि काडतूस दाबायला बरा पडे. शिपायांनी तो वापरून पाहिला. अंगठे सोलायचे थांबले, पण जोर तेवढाच लागे. "ही तर म्हातारीची शिवताना बोटात घालायची टोपी!" म्हणून एकजण हसला, आणि बाकीचेही हसले. त्या हसण्याने केरबा खजील झाला. घरी येऊन त्याने एक पेटी उघडली, कमान बाहेर काढली आणि तिचे शेवटचे वेढे छिन्नीने छाटून टाकले.

आता काडतूस लोण्यात बोट जावं तसं आत जाई. शिपायांना हर्ष झाला. पाहता पाहता केरबाने चौकीवरच्या सगळ्या कमानी कापून दिल्या. जिवाजी सुभेदारांनी गावकऱ्यांना देवळापुढे बोलावलं आणि सगळ्यांदेखत केरबाच्या डोक्याला जरीचा फेटा बांधला. "विलायतेतल्या कारागिराला जमलं नाही ते आमच्या केरबानं केलं," ते म्हणाले, "माझ्या पोरांचे हात राखलेस, बाबा." केरबा त्या दिवशी उपाशीच झोपला असता तरी त्याला कळलं नसतं.

पुढे एकदा केरबाच्या भट्टीवर एक पेटी तेलपाण्यासाठी आली. काडतुसांनी भरलेली ती पेटी बरेच दिवस तशीच फळीवर पडून राहिली. केरबाने ती रिकामी करायला घेतली. पहिली काडतुसं टुणकन वर आली. मग कमान मंदावली. शेवटची काडतुसं तर पेटीच्या तळाशी आडवी पडली आणि जागची हललीच नाहीत. केरबाने पेटी हलवली, आपटली. काही उपयोग नाही. छाटलेली आखूड कमान इतके दिवस दबून राहिली होती, तिच्यातला जीव गेला होता.

केरबाने पेटी खाली ठेवली. चौकीवरच्या पेट्या रात्रंदिवस भरलेल्याच असत. म्हणजे चौकीवरची प्रत्येक बंदूक लढाईच्या मध्यावर मुकी होणार होती.

तो तसाच खिंड चढू लागला. सुभेदारांना सांगायचं, त्यांनी राजधानीहून नव्या कमानी मागवायच्या, तोवर जुन्या ठासणीच्या बंदुका बाहेर काढायच्या. वाटेत त्याने शब्दही जुळवून ठेवले. पण चौकीवर पोचला तेव्हा राजधानीहून एक सरदार पाहणीला आले होते. सुभेदारांनी केरबाला दंडाला धरून पुढे केलं. "हाच तो, सरकार. आमचा केरबा."

सरदारांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. शिपाई कौतुकाने बघत होते. हैबतीची मान तर अभिमानाने वर झाली होती.

"काय रे केरबा, काही काम होतं का?" सुभेदारांनी विचारलं.

केरबाने सरदारांकडे, मग हैबतीकडे पाहिलं. "न्हाई सुभेदारसाहेब," तो म्हणाला, "सहज आलतो."

घरी आल्यावर त्याची बायको तानूबाई भाकरी थापता थापता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. केरबाने तिला सगळं सांगितलं.

"मग सांगितलंत का त्यास्नी?"

"एवढ्या माणसांत कसं सांगू? सरदार बसलेले हुते. इज्जत गेली असती."

तानूबाईने भाकरी परतली. "डोक्यावरचा फेटा उतरवायला किती वेळ लागतो हो?" ती म्हणाली. केरबा उठून भट्टीकडे गेला.

त्याने मनाशी ठरवलं, की कुणाला न कळता चूक निस्तरायची. आपणच नव्या कमानी घडवायच्या आणि तेल घालायच्या निमित्ताने गुपचूप बदलायच्या. पण ते पोलाद इथल्या भट्टीला दाद देईना. एक कमान तुटे, दुसरी वाकलेली राही. अखेर एक जमली. पहिल्याइतकी ताठ, पहिल्याइतकी खणखणीत. केरबाने ती हातात धरून पाहिली आणि विचार केला, ही कुणाच्या पेटीत घालू? विचाराला फार वेळ लागला नाही. त्याने हैबतीला खाली बोलावलं.

"दे रं तुझी पेटी. तेल लावून देतो."

हैबतीने पेटी दिली. परत घेताना तो म्हणाला, "दाजी, ही पुन्हा ताठ कशी लागती?"

"नवं तेल हाय. हुईल सैल," केरबा म्हणाला.

दुसऱ्या कमानीसाठी तो पुन्हा ऐरणीवर बसला. टोळी काही इतक्यात येत नाही, असं तो स्वतःला बजावत होता. आणि आलीच, तर चार बार ऐकून पळेल. नेहमी पळते तशी.

टोळी आली ती सुगीच्या तोंडावर. दिवस कासराभर वर आला होता. या वेळी त्यांची माणसं जास्त होती आणि ती पळाली नाहीत. गावात बार ऐकू येऊ लागले. आधी धडाधड, मग तुटक, मग अगदी विरळ. केरबा ऐरणीपाशी उभा राहून मोजल्यासारखं ऐकत होता. शेवटी खिंडीतून एकाच बंदुकीचा आवाज येत राहिला. थांबे, पुन्हा येई. थांबे, पुन्हा येई.

गावचे लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन वर धावले. त्यांना बघून टोळी मागे हटली. खिंडीच्या तोंडाशी एका खडकाआड हैबती गुडघ्यावर बसलेला होता. त्याच्या खांद्यातून रक्त वाहत होतं, पण तो जिवंत होता. बाकीचे शिपाई चौकीच्या भिंतीलगत पडले होते. कुणाच्या हातात उलटी धरलेली बंदूक होती, कुणाच्या हातात दगड. जिवाजी सुभेदारांच्या मांडीवर पेटी तशीच पडली होती, काडतुसं आत अडकलेली. अंगठ्याने ती काडतुसं वर ओढायला गेलेला त्यांचा हात तिथेच थांबला होता.

सरणं रचली गेली. हैबतीचा खांदा बांधलेला होता. तो केरबाशेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "दाजी, सगळ्यांच्या बंदुका मधीच मुक्या झाल्या. सुभेदार मला वरडून सांगत हुते, हैबत्या, पेटी चालंना, पेटी चालंना. माझी तेवढी कशी चालली?"

केरबाने मान खाली घातली.

हैबती एक पाऊल मागे सरला. "म्हंजे तुमाला ठावं हुतं," तो म्हणाला. "आन् तुमी माझीच पेटी नीट केली." मग तो वळला आणि चालत दूर जाऊन उभा राहिला. त्यानंतर बहिणीच्या घरचं पाणीसुद्धा तो प्याला नाही.

दहाव्याच्या दिवशी सगळं गाव नदीवर जमलं होतं. मेलेल्यांच्या बायका, आया, लेकरं, सगळी होती. केरबा उघड्या डोक्याने पुढे आला आणि त्याने सगळं सांगितलं. कमानी कशा कापल्या, दोष कधी कळला, चौकीवर जाऊन आपण गप्प कसे राहिलो, आणि जमलेली एकमेव चांगली कमान कुणाला दिली. एकही गोष्ट त्याने लपवली नाही. लोक अंगावर धावून येतील असं त्याला वाटलं होतं. कुणीच आलं नाही. पिंडावर कावळे उतरत होते आणि लोक ऐकत होते.

सुभेदारांची म्हातारी पत्नी काठी टेकत त्याच्यापाशी आली. तिचे डोळे कोरडे होते.

"त्या दिशी सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर ते तुझ्यावर रागावले असते रे. घटकाभर रागावले असते. एवढंच झालं असतं."

एवढं बोलून ती बायकांमध्ये जाऊन बसली. केरबा तिथेच उभा राहिला. आता तो कितीही खरं बोलला तरी त्याला अडवणारं कुणी नव्हतं. पण ज्यांच्या कानांवर ते पडायला हवं होतं ती माणसं उरली नव्हती.

राजधानीहून नव्या कमानी आल्या, नवे शिपाईही आले. केरबाची भट्टी पेटत राहिली, कारण गावाला दुसरा लोहार नव्हता. लोक फाळ आणून देत, नीट करून नेत. "वा, केरबा!" असं मात्र पुन्हा कुणी म्हटलं नाही, आणि कुणी म्हणावं असं केरबालाही वाटलं नाही.

तात्पर्य: आपली चूक कळली की आधी त्यांना सांगावी, ज्यांचा जीव तिच्यावर टांगलेला आहे; मान राखण्यासाठी गिळलेलं सत्य उशिरा ओकलं, तर त्याने मेलेलं माणूस परत येत नाही.