सोमवारचा जामीन

श्रावणातला सोमवार. संध्याकाळचे सात. डोंगरावरच्या नाथमठाची ओसरी.

"मग एवढा राग येतो कुठून, महाराज?"

विचारणारे होते तालुक्याचे न्यायाधीश धारूरकर. श्रावणी सोमवार ते कडक पाळत, मन शुद्ध राहावं म्हणून. तरी आज कोर्टात ते वकिलांवर खेकसले, शिपायावर खेकसले आणि भिवा वायदंडेचा जामीन दोन वाक्यांत फेटाळून मोकळे झाले. पाण्याचा पंप चोरल्याचा आरोप होता त्याच्यावर.

मठाचे बोधनाथबाबा यांनी विचारलं, उपासाला काय काय खाल्लंत?

साहेबांनी सांगितलं. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, तळलेला बटाट्याचा चिवडा, वर चहावर चहा.

"आणि मग?"

"जळजळ. पोटाचा नुसता दगड... पण त्याचा इथं काय संबंध? निकाल डोक्यातून येतो, महाराज. पोटातून नाही."

मानेखालचं शरीर जणू कोर्टाबाहेरच्या बाकावर बसवून येत असावेत, असा थाट होता.

बाबा वादात पडले नाहीत. दिवस मावळला होता. उपास सोडायला त्यांनी मऊ भात आणि ताक साहेबांपुढे ठेवलं. उपदेशाचं मग बघू, म्हणाले.

साहेब जेवले. ढेकर देऊन खांबाला टेकले. कपाळावरची आठी कधी गेली, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"या जागेत ताकद आहे. मन कसं निवलं बघा."

"जागेत?" बाबा म्हणाले. "दुपारी भिवाची आई इथंच बसली होती. तिचं नाही निवलं."

बाबांनी ताट बाजूला सारलं. "भिवाच्याच चोरीत त्याचा भाऊही होता ना, साहेब?"

"होता. त्याला शुक्रवारी जामीन दिला मी."

"त्याचे कागद वेगळे होते?"

"नाही. तेच."

"पोलिसांचं म्हणणं?"

"तेच..."

साहेब खांबाला टेकलेले सरळ झाले. मग घाईघाईने म्हणाले, की हुकमावर सही झाली आहे, वरचं कोर्ट उघडं आहे, भिवाला तिकडे अर्ज करता येईल. बोलता बोलता आवाजात पुन्हा खुर्चीचा भारदस्तपणा आला.

"पुढच्या सोमवारी मात्र नुसतं ताक घेईन, महाराज."

"घ्या," बाबा म्हणाले. "भिवा अजून आत आहे."