ठमीची गिटार आणि पाच दुकानं

एक होती चिचुंद्री. तिचं नाव ठमी.

ठमी एवढीशी. नाक लांब. पाय आखूड. अंगाला थोडा वास. थोडा म्हणजे बराच. ठमी दिसली की सगळे नाक धरायचे. ठमीला फार वाईट वाटायचं. पण सांगणार कुणाला? सांगायला जावं, तर समोरच्याने आधीच नाक धरलेलं.

ठमीकडे एक गिटार होती. विजेची. स्पीकरला जोडली की वाजायची, झँऽऽव. भंगारवाल्याकडून आणलेली. खूप जुनी, खूप स्वस्त. रंग उडालेला, कोपरा फुटलेला. ठमीची मात्र फार लाडकी.

त्या दिवशी खारीचं लग्न होतं. चार वाजता वरात निघणार होती. वरातीत बेडूकमास्तरांचा बँड होता. आणि बँडमध्ये ठमी होती. आजवर कुणी तिला लग्नाला बोलावलं नव्हतं. या वेळी बोलावलं. गिटारवाला कोल्हा आजारी पडला म्हणून बोलावलं. पण बोलावलं.

ठमी सराव करत होती. टिंग टिंग टिंग. टिंग टिंग टुंग्.

तार तुटली.

बेडूकमास्तर आले. टुणुक टुणुक. त्यांनी नाक धरलं आणि म्हणाले, "ठमे, वरात कुणासाठी थांबत नाही. गिटार वाजली तर तू. नाही वाजली तर कावळा."

कावळा तिथेच उभा होता. त्याच्या गळ्यात नवी कोरी गिटार. वर प्लास्टिक तसंच.

"प्लास्टिक काढलं नाहीस?" ठमीने विचारलं.

"काढायचं नसतं. नवीन आहे," कावळा म्हणाला.

ठमीने फडक्यात पाच शेंगा बांधल्या. भुईमुगाच्या. गिटार पाठीवर घेतली आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

पहिलं दुकान बोकोबाचं. तारांचं. बोकोबा गादीवर झोपला होता. घुर्रर घुर्रर. घाबरू नका हं. बोके चिचुंद्रीला खात नाहीत. वास येतो ना.

"बोकोबा, बोकोबा, तार ओवता का?"

"का गं?"

"गिटार वाजेना, वरात थांबेना."

बोकोबाने एक डोळा उघडला. नाक धरलं. गिटार उलटी केली, सुलटी केली.

"च् च् च्. कुणी केलंय हे काम? खुंटी बघ कशी हलते. डुगडुग डुगडुग. हिला तार ओवली तर लोक मला हसतील. फेकून दे ही. नवी घे."

"नवी नको. हीच."

"मग माकडाकडे जा. माकडाने खुंटी बसवली, तर मी तार ओवीन."

आणि बोकोबाने उघडलेला डोळा परत मिटला.

ठमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

दुसरं दुकान माकडदादाचं. खुंट्यांचं. माकडदादा शेपटीने लटकून मोबाइल बघत होता. खी खी खी.

"माकडदादा, माकडदादा, खुंटी बसवता का?"

"का गं?"

"बोका तार ओवीना,
गिटार वाजेना, वरात थांबेना."

माकडदादाने मोबाइल बाजूला ठेवला नाही. दुसऱ्या हाताने नाक धरलं. पायाने गिटार उलटी केली, सुलटी केली.

"च् च् च्. कुणी केलंय हे काम? तारा जिच्यावर टेकतात, ती ही घोडी. बघ कशी वाकडी झालीय. मी खुंटी पिळली की घोडी मोडणार. आणि नाव कुणाचं खराब होणार? माझं. फेकून दे ही. नवी घे."

"नवी नको. हीच."

"मग गाढवाकडे जा. गाढवाने घोडी बदलली, तर मी खुंटी बसवीन."

ठमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. लांबून आवाज आला. ढम्. बँडवाले ढोल तापवत होते.

तिसरं दुकान गाढवकाकांचं. घोड्यांचं. दारावर पाटी होती. 'सल्ला फुकट. पूर्ण ऐकावा लागेल.'

"गाढवकाका, गाढवकाका, घोडी बदलता का?"

"का गं?"

"माकड खुंटी बसवीना,
बोका तार ओवीना,
गिटार वाजेना, वरात थांबेना."

गाढवकाकांनी नाक धरलं. त्यांचं नाक मोठं. दोन्ही हात लागले. मग गिटार ठमीनेच उलटी केली, सुलटी केली.

"च् च् च्. कुणी केलंय हे काम? आमच्या वेळी गिटारी लाकडाच्या असायच्या."

"हीपण लाकडाचीच आहे, काका."

"ती लाकडं वेगळी होती," गाढवकाका म्हणाले. "आणि तुझा हा पिकप बघ. तारांचा आवाज पकडतो तो पिकप. हा तर बहिरा झालाय. मग घोडी सरळ असो की वाकडी, काय उपयोग? फेकून दे ही. नवी घे."

"नवी नको. हीच."

"मग पोपटाकडे जा. पोपटाने पिकप लावला, तर मी घोडी बदलीन. आता बस. सल्ला अजून बाकी आहे."

ठमी बसली नाही. ठमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

चौथं दुकान पोपटरावांचं. पिकपचं. पोपटराव टाय लावून बसले होते.

"पोपटराव, पोपटराव, पिकप लावता का?"

"का गं?"

"गाढव घोडी बदलीना,
माकड खुंटी बसवीना,
बोका तार ओवीना,
गिटार वाजेना, वरात थांबेना."

पोपटरावांनी नाक धरलं. त्यांचं नाक म्हणजेच चोच. त्यामुळे थोडा वेळ बोलताच येईना. मग त्यांनी चोच सोडली. गिटार उलटी केली, सुलटी केली.

"च् च् च्. कुणी केलंय हे काम? टेक्निकल प्रॉब्लेम. टेक्निकल प्रॉब्लेम."

"म्हणजे काय, पोपटराव?"

पोपटरावांनी खूप विचार केला.

"टेक्निकल प्रॉब्लेम," ते म्हणाले.

ठमीने स्वतःच आत वाकून बघितलं. वायर तुटली होती. एवढंच.

"तेच ते," पोपटराव म्हणाले. "फेकून दे ही. नवी घे."

"नवी नको. हीच."

"मग कोळ्याकडे जा. कोळ्याने वायर जोडली, तर मी पिकप लावीन."

ठमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले. पोट रिकामं. फडक्यात पाच शेंगा, पण त्या खायच्या नव्हत्या. लांबून आवाज आला. ढम् ढम् ढमाढम्. वरात निघाली होती.

पाचवं दुकान कोळीआजोबांचं. वायरींचं. इकडे वायर, तिकडे वायर, मधे आजोबा.

"कोळीआजोबा, कोळीआजोबा, वायर जोडता का?"

"का गं?"

"पोपट पिकप लावीना,
गाढव घोडी बदलीना,
माकड खुंटी बसवीना,
बोका तार ओवीना,
गिटार वाजेना, वरात थांबेना."

कोळीआजोबांनी एका हाताने नाक धरलं. उरलेल्या सात हातांनी गिटार उलटी केली, सुलटी केली.

"वाजते का?" त्यांनी विचारलं.

"नाही वाजत. म्हणून तर आले."

"मग आत आणू नको. आम्ही बंद वस्तू घेत नाही. आधी वाजवून दाखव. मग दुरुस्त करीन."

"वाजत असती, तर मी आले असते का, आजोबा?"

"ते मला माहीत नाही. नियम आहे."

ठमी पायरीवर मटकन बसली. तिला रडू आलं. आणि थोड्या वेळाने राग आला. रागाने तिचं नाक लाल झालं.

"वाजवून दाखवू? बरं. दाखवते."

एक तार तुटली होती, पण पाच होत्या. स्पीकर नव्हता, पण लाकूड होतं. ठमीने तारा छेडल्या, टिंग टिंग. लाकडावर थाप मारली, टक टक. आणि तोंडात आलं ते म्हणाली.

"कोळी वायर जोडीना, टिंग टिंग,
पोपट पिकप लावीना, टक टक,
गाढव घोडी बदलीना, टिंग टिंग,
माकड खुंटी बसवीना, टक टक,
बोका तार ओवीना, टिंग टिंग,
गिटार वाजेना, वरात थांबेना, टक टक टक!"

रस्त्यावरचे लोक थांबले. ससे आले. कोंबड्या आल्या. म्हशी आल्या. आधी सगळ्यांनी नाक धरलं. पण गाणं होतं मजेदार. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि टाळीला दोन्ही हात लागतात. नाकं सुटली.

"म्हणजे वाजते की," कोळीआजोबा म्हणाले. "मग आण आत."

झालं. आजोबांनी एक शेंग घेतली आणि वायर जोडली. चट् पट्.
पोपटाने एक शेंग घेतली आणि पिकप लावला. खट् खट्.
गाढवाने एक शेंग घेतली आणि घोडी बदलली. ठक् ठक्.
माकडाने एक शेंग घेतली आणि खुंटी बसवली. किर्र किर्र.
बोक्याने एक शेंग घेतली आणि तार ओवली. टँग्.

पाच शेंगांत गिटार ठणठणीत.

ठमी धावली. तुरुतुरु तुरुतुरु. पाचही जण दुकानं बंद करून मागे धावले. आपला माल कसा वाजतो, ते बघायला नको?

वरात रस्त्यात थबकली होती. कावळा वाजवत होता. फस् फस् फस्. कुणी नाचत नव्हतं. नवरा खार घोड्यावर बसून जांभया देत होता.

"कावळ्या, ते प्लास्टिक काढ," बेडूकमास्तर म्हणाले.

"नवीन आहे, मास्तर."

"मग तू घोड्यामागे चाल. ठमे, जोड वायर."

ठमीने वायर जोडली. झँऽऽव. झँका झँका झँऽऽव.

काय सांगू तुम्हाला. ससे नाचले. कोंबड्या नाचल्या. म्हशींनी तर रस्ता हलवला. नवरी खार खिडकीतून बघत होती. तिला राहवेना. ती पळत आली आणि स्वतःच्याच वरातीत नाचली.

मग लग्न लागलं. पंगत बसली. गरम गरम जिलब्या आल्या.

"ज्याच्यामुळे गिटार वाजली, त्याला पहिली जिलबी," नवरी खार म्हणाली.

"माझ्या वायरमुळे," कोळी म्हणाला.
"माझ्या पिकपमुळे," पोपट म्हणाला.
"माझ्या घोडीमुळे," गाढव म्हणालं.
"माझ्या खुंटीमुळे," माकड म्हणालं.
"माझ्या तारेमुळे," बोका म्हणाला.

ठमी गिटारीला टेकून बसली. ती खूप दमली होती.

"बरं," नवरी खार म्हणाली. "मग वाजवून दाखवा."

कोळ्याने गिटार घेतली. त्याचे आठही हात तारांत अडकले.
पोपटाने गिटार घेतली. "टेक्निकल प्रॉब्लेम," तो म्हणाला.
गाढवाने गिटार घेतली आणि गिटारीलाच सल्ला दिला.
माकडाने गिटार घेतली आणि दातांनी वाजवायला गेलं. दात दुखला.
बोक्याने गिटार घेतली. उशाला घेतली. घुर्रर घुर्रर.

मग खारीने गिटार ठमीला दिली.

ठमीने तारांवरून एकदा हात फिरवला. झँऽऽव.

"ये गं ठमे, माझ्या शेजारी बस," नवरी खार म्हणाली. आणि तिने स्वतःच्या हाताने ठमीला पहिली जिलबी भरवली. अगदी जवळ बसून भरवली.

ठमीने जिलबी खाल्ली. कुरुम कुरुम. मग दुसरी मागितली. दुसरीही मिळाली.

अशी ही सहा तारांची गोष्ट. तुटली, फिरली, वाजली, जेवली आणि इथे थांबली.