निळीचं मडगार्ड

गाड्यांना वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. एका गॅरेजात शर्यतीच्या दोन गाड्या राहायच्या. निळीची मडगार्डं गुळगुळीत, अंगासरशी बेतलेली. तांबड्याची मात्र बाहेर फुगलेली, वरून रिव्हेट ठोकून बसवलेली.

"शी! ही ठिगळं मिरवत चारचौघांत जातोस तरी कसा?" निळी नाक मुरडायची.

घाटातल्या शर्यतीसाठी गॅरेजच्या मिस्त्रींनी निळीला रुंद टायर चढवले आणि ते घासू नयेत म्हणून मडगार्ड कापायला कात्री उचलली. निळी किंचाळली, "माझ्या मडगार्डला हात लावायचा नाही!" लाडक्या गाडीपुढे मिस्त्रींचं काही चालेना.

पहिल्याच वळणावर निळी कलली, फाटकन टायर फुटला आणि ती दरीकडच्या कठड्यावर जाऊन आदळली. दगड लागला असेल म्हणून तिनं पाहिलं, तर दगड कुठंच नव्हता. तिच्याच मडगार्डच्या सुरेख कडेनं टायर उभा चिरला होता!

मागून येणारा तांबडा शर्यत सोडून तिच्याजवळ थांबला. खाली बसलेल्या निळीला आज पहिल्यांदाच त्याच्या मडगार्डची आतली बाजू दिसली. तिथं कापलेला जुना पत्रा होता, आणि त्यावर अगदी तिच्यासारखाच जुना निळा रंग.

"तू... माझ्यासारखा होतास?"

"अगदी तुझ्यासारखाच," तांबडा म्हणाला. "याच कठड्यापर्यंत."