पंचांचं मानधन

माणसाच्या हाती अजून कुऱ्हाड आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. रानाचा कारभार पाच पंच पाहत. त्यांना सामाईक कोठारातून रोज दोन कंदांचं मानधन मिळे.

एका सभेत सरपंच रानडुकरानं ठराव मांडला, “काम फार वाढलंय. पंचांना पाच कंद मिळायला हवेत.” तीन पंचांनी लगेच माना डोलावल्या. पाचवी पंच होती साळू साळिंदर. अशानं उन्हाळ्यात पिल्लांना काही उरणार नाही, हे तिला दिसत होतं. पण नुसता विरोध केला असता तर ती एकटी पडली असती.

ती शांतपणे उभी राहिली. “वाढ मला मान्य आहे. फक्त ती पुढच्या निवडणुकीत येणाऱ्या पंचांपासून लागू करा.”

“मग आम्हाला काय मिळणार?” रानडुकराच्या तोंडून निघून गेलं.

भोवती जमलेलं सगळं रान खो खो हसलं. “साळूताईंचंच बरोबर!” ससे ओरडले. एवढ्या डोळ्यांदेखत नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. नियम मंजूर झाला.

“मग पुढच्या पंचांना पाच कंद लिहू ना?” साळूनं विचारलं.

“पाच?” रानडुक्कर उसळून म्हणाला, “त्यांना दोन पुष्कळ झाले!”