फक्त राजालाच पुसता येणारी शाई

हरणगिरीच्या राजेसाहेबांना अशी शाई हवी होती, जी त्यांना स्वतःला पुसता येईल, पण दुसऱ्या कुणालाही पुसता येणार नाही. ती बनवायची होती हौसा रंगारणीने. पुढच्या दरबारापर्यंत शाई झाली नाही, तर तिने आणि तिच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी नदीकाठचा शाईचा कारखाना बंद करून गाव सोडायचं, असा हुकूमच सुटला होता.

हे खूळ उपजलं ते टाइपरायटरमुळे. राजेसाहेबांनी मोठ्या कौतुकाने ते यंत्र आणवलं होतं. त्याची फीत फिकी पडली की हौसा ती जांभळ्या शाईत भिजवून पुन्हा ताजी करून द्यायची. ही शाई ओलाव्याने सुटायची, त्यामुळे हुकमावर ओलसर पातळ कागद दाबला की झकास नक्कल निघायची. पण त्याच गुणाचा फायदा राजेसाहेबांचे मेहुणे सर्जेराव यांनी उठवला. त्यांना एक म्हैस बक्षीस मिळाली होती. त्यांनी ओल्या बोळ्याने ‘म्हैस’ पुसलं, कारकुनाला पटवून त्या जागी ‘हत्तीण’ उमटवून घेतलं आणि दिवसाढवळ्या हत्तीखान्यातून हत्तीण नेली.

मग हौसाने पक्की काळी शाई दिली. ती पाण्याला दाद देईना. पण राजेसाहेबांचं मन घटकेत एक, घटकेत दुसरं. नको झालेला शब्द ते चाकूने खरवडायचे आणि हुकमाची चाळणी व्हायची. त्यावर सासऱ्यांनी खडू आणि डिंक खलून पांढरा लेप करून दिला. शब्द त्याखाली छान झाकला जाई, पण तो लेप सर्जेरावांनाही लावता येत होता! राजेसाहेब चिडले आणि हट्टाला पेटले.

सासरे बिचारे कामाला लागले. काजळ घोटलं, हिरडा उकळला, कुणी सांगितलं म्हणून कोरफडीचा चीकही घालून पाहिला. काही केल्या जमेना. शेवटी ते कढई उलटी करून तिची राख झटकू लागले.

“माझ्या बापानं घेतलेली कढई आहे,” ते म्हणाले. “बैलगाडीत नीट बसेल ना गं?”

“मामंजी, शाईला माणूस कसा ओळखू येणार? राजाचं बोट आणि सर्जेरावांचं बोट, तिला दोन्ही सारखीच,” एवढंच ती बोलली आणि शाईच्या चिंध्या धुवायला नदीवर गेली.

पाण्यात उभी असतानाच तिला पलीकडून तीच हत्तीण येताना दिसली. वर माहूत मजेत गाणं गुणगुणत होता. सर्जेरावांनी हत्तीण सोडली कशी, असं तिने विचारलं. माहूत म्हणाला, सोडतील कशाला? सरकारांनी मागचा हुकूम रद्द केल्याची नवी चिठ्ठी धाडली, मग त्यांचा इलाजच चालला नाही. हौसा चिंध्या न पिळताच घरी पळाली आणि सासऱ्यांना म्हणाली, “कढई पुन्हा चुलीवर ठेवा.”

दरबाराच्या दिवशी ती नेहमीच्याच काळ्या शाईत भिजवलेली फीत घेऊन हजर झाली. परीक्षा घ्यायची तर खऱ्याखुऱ्या हुकमावर घ्यावी, अशी तिने विनंती केली. राजेसाहेबांनी विचारलं, कोणत्या? तिने आपलाच सुचवला. गाव सोडायचा हुकूम त्या फितीने नव्याने उमटवला गेला आणि खाली राजेसाहेबांनी सही ठोकली.

आधी सर्जेराव पुढे सरसावले. त्यांनी पाणी लावलं, लिंबू चोळलं. अक्षर हललं नाही. चाकूने खरवडायला गेले, तर कागदालाच भोक पडलं आणि दिवाणजी म्हणाले की असा भोक पडलेला हुकूम कुणी दाखवला, तर त्याला जागीच अटक होईल. सर्जेराव मागे सरले.

मग राजेसाहेबांनी बाह्या सावरल्या. बोटाने घासलं, थुंकी लावून घासलं. शाई जशीच्या तशी.

“पोरी, आम्हालाही पुसता येत नाही! थट्टा करतेस आमची?”

हौसाने शांतपणे हात जोडले.

“बोटानं पुसायची रीत प्रजेची, सरकार. राजानं लेखणीनं पुसायची. याच्याखाली ‘वरील हुकूम रद्द’ एवढं लिहा आणि सही करा.”

परीक्षेच्या भरात राजेसाहेबांनी लिहिलं आणि सही केली. हौसा दिवाणजींकडे वळली आणि तिने विचारलं, “आता या हुकमात काय उरलं?”

दिवाणजींनी कागद वाचला. “काहीच नाही. हा हुकूम संपला.”

“आणि हेच शब्द लिहून खाली सर्जेरावसाहेबांनी सही केली असती तर?”

“तर हुकूम कायम राहिला असता.”

“म्हणजे पुसला तो सरकारांनीच, आणि दुसऱ्या कुणाला पुसता येणार नाही. मागितली होती तीच शाई आहे, सरकार.”

राजेसाहेबांनी कागद पुन्हा वाचला. एकदा सही पाहिली, एकदा हौसाकडे पाहिलं. परीक्षेच्या नादात आपणच हिचं गावात राहणं पक्कं केलं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते असे खदखदून हसले की पगडी तिरकी झाली. दिवाणजी हसले, भालदार हसले. सर्जेरावांनाही थोडं हसावं लागलं.

राजेसाहेबांनी हौसाला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि दरबाराच्या साऱ्या शाईचं काम कायमचं तिच्या घराकडे लावलं. मग डोळे पुसत त्यांनी तिला या कामाचा नवा हुकूम नीट वाचून घ्यायला सांगितलं, “कारण हा आता आम्ही पुसणार नाही.”