सारजाची हाक

हरबा तांबटाची बायको सारजा वर्षभर अंथरुणाला खिळली होती. घरात तिसरं माणूस नव्हतं. म्हणून हरबा घराच्या भिंतीला लागून असलेल्या पडवीतच भांडी ठोकायचा. तिची हाक आली की हातोडा टाकून धावायचा.

एक दिवस भुजंगराव जहागीरदारांनी त्याला वाड्यावर बोलावलं. "तुझ्या ठोक्यांनी आमची दुपारची झोप मोडते. पडवी पाड आणि ओढ्यापलीकडे बांध."

हरबाने पाय धरले, सारजाचं दुखणं सांगितलं. "सरकार, वाडा तर गावाच्या दुसऱ्या टोकाला."

"तरी ऐकू येतं! आमचे कान तसे तिखट."

हरबाला रडू फुटलं. डोळे पुसून तो म्हणाला, "उद्याच पडवी हलवतो, सरकार. मग सारजाची हाक मला ऐकू यायची नाही. तुमचे कान एवढे तिखट आहेत, तर ती तुम्हीच ऐका आणि तिला पाणी पाजायला या."

जहागीरदारांनी नजर वळवली. "राहू दे पडवी," ते पुटपुटले.

हरबा घरी आला. सारजाचे ओठ हलत होते, पण आवाज खाटेपाशीच विरत होता. पडवीपर्यंतही तो आता पोचणार नव्हता. हरबाने कुदळ उचलली आणि मधली भिंत पाडायला घेतली.