उद्याचं दळण

आमच्या भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती, तेव्हा सालोमेबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. खरे साडेसातच झाले होते. मी घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवते. उशीर होईल या भीतीनं.

"बाई, चिंता करायची नाही म्हणता, मग आईनं करायचं तरी काय?"

मी सलामसुद्धा केला नाही. तोंडातून पहिलं हेच निघालं.

बाईंनी चपला काढल्या. छत्री कोपऱ्यात टेकवली.

"आधी सलाम," त्या म्हणाल्या.

"सलाम, बाई."

"सलाम. आता पाणी दे. प्रश्न कुठं पळून जात नाही."

सालोमेबाई पाटोळे म्हणजे आमच्या ख्रिस्ती वस्तीच्या बाई. मिशनच्या शाळेत शिकवून रिटायर झाल्या आणि मग घरोघर प्रार्थनेला जायला लागल्या. बारीक काठाची सुती साडी, खांद्याला खाकी पिशवी. संडेस्कूलला चिंचेखाली बसवून आम्हा पोरांकडून वचनं त्यांनीच पाठ करून घेतली. एका वचनाला एक लेमनची गोळी. गोळी गालात ठेवून पुढचं वचन म्हणायचं नाही, असा त्यांचा कायदा. अजून कुठं चिंच दिसली की माझ्या जिभेवर लेमनचीच चव येते.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढं शाळा सुटली. पण पाठांतरात मला कुणी हरवलं नाही. सातवीत असताना बायबलातला मान्नाचा, म्हणजे देवानं रानात दिलेल्या अन्नाचा, अख्खा अध्याय मी एकही शब्द न चुकता म्हटला आणि पहिला नंबर काढला. बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला, त्यावर नाव कोरलेलं... कु. रिबका शांतवन साळवे, पाठांतर, प्रथम. लग्न होऊन खालच्या आळीत आले, तेव्हा तो पेला घेऊनच आले. फळीवर मधोमध ठेवला. त्यानं कुणी पाणी प्यायचं नाही, हा माझा कायदा.

त्या दिवशी शनिवार होता. शनिवारी बाई मूठधान्य गोळा करायच्या. आमच्या वस्तीत तशी रीत आहे. दळणाला धान्य काढलं की पहिली मूठ देवाची, वेगळ्या डब्यात. शनिवारी बाई ते पिशवीत घेऊन जायच्या आणि ज्या घरात चूल थंड असेल तिथं पोचवायच्या. कुणाच्या घरात, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पाणी पिऊन बाईंनी पिशवीचं तोंड उघडलं.

"मूठ?"

"या शनिवारी नाही, बाई. पुढच्या शनिवारी दोन टाकीन."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग भिंतीकडं.

"किती वाजले गं?"

"सात चाळीस... म्हणजे साडेसात."

"मधली दहा मिनिटं कुठून आणलीस?"

मी हसले. रडू येत होतं म्हणून हसले.

"न्याहारी झाली नाही माझी," बाई म्हणाल्या. "एक भाकरी टाक."

"चहा करते ना, बाई."

"चार घरचा चहा झालाय. पोटात नुसता डुचमळतोय. भाकरी टाक."

माझी हन्ना तेव्हा अडीच वर्षांची होती. ती भिंतीला टेकून बसली होती. ती बाईंना म्हणाली, "भाकल कलू."

"काय झालं तिला?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. जेवायची नाटकं."

मी परात घेतली. पीठ मळताना बाईंकडं पाठ केली. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. चांगली टम्म फुगली. बघणाऱ्याला वाटावं, किती छान भाकरी.

ताटलीत चटणीबरोबर वाढली.

बाईंनी प्रार्थना केली. जरा लांबच केली. मग पहिला घास मोडला. चावला. गिळला.

दुसरा घास.

"बाई... राहू द्या."

तिसरा.

"बाई, नका हो खाऊ. कडू आहे ती."

बाई थांबल्या नाहीत. सगळी भाकरी खाल्ली. ताटलीत पडलेला तुकडा बोटानं टिपून तोही खाल्ला. पाणी प्यायल्या.

"मीठ बरोबर पडलंय," त्या म्हणाल्या.

मग मात्र मला आवरलं नाही. पदर तोंडाला लावून मी खाली बसले आणि सगळं सांगितलं.

माझे मिस्टर सामसन गवंडीकाम करतात. मार्चमध्ये पुण्याकडं कामाला गेले. जाताना बाजरीचं पोतं घरात टाकून गेले. म्हणाले, पाऊस लागेपर्यंत बघायला नको. आणि खरंच नको होतं. पण वस्तीतल्या गिरणीची मोटार जळाली आणि गिरणी बारा दिवस बंद पडली. पोतं भरलेलं घरात, आणि मी शेजारी वाटीभर पीठ मागत फिरतेय. दोन घरांत दिलं. तिसऱ्या घरातली म्हणाली, "आमचंच आजच्यापुरतं हाय बाई."

त्या बारा दिवसांत माझ्या मनानं काय काय बघितलं ते देवालाच ठाऊक.

गिरणी सुरू झाली त्या सकाळी सगळ्यांच्या आधी मी पोहोचले. अख्खं पोतं घेऊन.

गिरणीवाले भानुदासमामा पोत्याकडं बघून म्हणाले, "का गं रिबके, घरात लग्न काढलं काय?"

"तुम्ही दळा, मामा."

"अगं, बाजरी आहे ही. गहू नव्हं. त्यात उन्हाळा. आठ दिवसांत पीठ कडू होतंय."

"आणि मोटार परत जळाली तर तुम्ही येणार का भाकरी घेऊन?"

लाइनीतल्या बाया हसल्या. मामांनी दळून दिलं. दोन मोठे डबे भरले. त्या रात्री किती दिवसांनी मला शांत झोप लागली.

नवव्या दिवशी हन्नानं घास थुंकला.

मी गूळ लावून दिला. थुंकला. दुधात कुस्करून दिला. थुंकला. अंगणवाडीत वजन केलं तर अर्धा किलो उतरलेलं. ताई म्हणाल्या, "काय खायला देता हिला?" मी म्हटलं, "सगळं देते." तिकडं सामसनचं काम थांबलेलं. ते फोनवर म्हणायचे, "घरात बाजरी आहे ना? मग मला काळजी नाही." त्यांना काय सांगणार?

"कुणाला सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"का?"

"काय सांगू? बाजरीचं पीठ टिकत नाही हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. वस्ती हसेल."

"हसू दे की. फुकट आहे ते."

... ... ...

हन्ना येऊन बाईंच्या मांडीवर बसली. बाई तिच्या दंडाभोवती अंगठा आणि बोट धरून बघत होत्या. बोटं एकमेकांना टेकली.

मग म्हणाल्या, "मान्नाचा अध्याय येतो का अजून?"

मला जरा राग आला. पोरगी उपाशी, आणि यांना पाठांतर सुचतंय! पण अभिमान कुठला गप्प बसतोय. मी म्हटलं, "न चुकता येतो."

"म्हण."

मी डोळे पुसले, हात मागं बांधले आणि म्हणायला लागले. रानात देवाचे लोक भुकेले झाले ते म्हटलं. पहाटे दव सुकलं आणि जमिनीवर अन्न दिसलं ते म्हटलं. ज्यानं त्यानं आपल्या घरापुरतं, त्या दिवसापुरतं गोळा करायचं, सकाळसाठी मागं ठेवायचं नाही ही देवाची आज्ञा म्हटली. मग काहींनी ऐकलं नाही, आणि त्यांनी ठेवलेल्यात...

तिथं मी थांबले.

"विसरलीस?" बाई म्हणाल्या.

"नाही, बाई."

"मग पुढं?"

मी कोपऱ्यातल्या त्या दोन डब्यांकडं बघितलं.

"किडे पडले," मी म्हटलं. "आणि घाण सुटली."

"बरोबर. एकही शब्द चुकला नाही."

... ... ...

"म्हणजे बाई, ह्यांनी पोतं आणलं तेच चुकलं का?"

"सामसननं काय चूक केली? दाणा वर्षभर टिकतो. दाणा घरात ठेवावाच. बाप आहे तो."

"मग मी?"

बाई हन्नाला खाली ठेवून उठल्या, फळीवरचा माझा पेला काढला आणि पदरानं त्याची धूळ पुसली. वरचं नाव वाचलं, ओठांतल्या ओठांत. मग खाकी पिशवीत पेला बुडवला आणि धान्यानं भरून वर काढला. बाजरी, ज्वारी, मधेच चार दाणे गव्हाचे. दहा घरच्या मुठी एकत्र.

सुपात एक पेला ओतला. दुसरा. तिसरा.

माझ्या लक्षात आलं तशी मी सूप मागं ओढलं.

"बाई, नाही. मी नाही घेणार. आमच्या घरानं कधी घेतलेलं नाही. आम्ही देणारे."

"इतकी वर्षं तू मूठ टाकलीस. कुणाच्या घरी गेली, ठाऊक आहे?"

"नाही."

"एक तरी नाव?"

"तुम्ही कधी सांगितलंच नाही."

"मग तुझं कुणाला सांगेन?"

मी सूप सोडलं.

बाईंनी सहा पेले ओतले आणि पेला खाली ठेवला.

"बुधवारपर्यंत होईल. आज दळून आण."

"आणि गुरुवारी, बाई?"

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"हं," बाई म्हणाल्या.

पुढं म्हणाल्या, "ते कडू पीठ टाकू नकोस. माझ्या कोंबड्यांना होईल. रोज एक तांब्याभर घेऊन ये. एकदम डबा उचलून आणशील तर तसाच परत पाठवीन."

मला वाटलं, आता निघतील. पण त्यांनी पिशवीचं तोंड परत उघडलं आणि माझ्यापुढं धरलं.

"मूठ टाक."

"बाई, आत्ताच तर तुम्ही मला दिलंत..."

"ते मी दिलं. तुझी मूठ राहिली."

मी सुपातली मूठ भरायला गेले. बाईंनी माझं मनगट धरलं.

"ते दहा घरांचं आहे. तुझ्या घरचं टाक."

"माझ्या घरचं? ते तर... देवाला कडू पीठ देऊ?"

"गोड आहे का तुझ्याकडं?"

"नाही."

"मग नसलेलं कोण मागतंय?"

मी डब्यात हात घातला. मूठ भरली. आजवर किती मुठी टाकल्या असतील, पण अशी कधी टाकली नव्हती. बाईंनी ते पीठ कागदात घेतलं, पुडी बांधली. धान्यात मिसळू दिलं नाही. पुडी कमरेला खोचली, जशी बाया पैसे खोचतात तशी. वरून दोनदा चाचपली.

... ... ...

बाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली. चिंचही तोडली, तिथं चर्चचा हॉल झाला. शनिवारी सकाळी दारात चपलांचा आवाज आला की अजून मी हातातलं काम टाकून बाहेर बघते.

सामसन त्या वर्षी जूनमध्ये घरी आले. हन्ना आता पहिलीत जाते आणि बक्षिसाच्या पेल्यानं पाणी पिते, चांगला पोचेही पाडलेत त्याला. मी चार दिवसांचंच दळते. भानुदासमामा अजून चिडवतात, "काय रिबके, औंदा लग्न नाही वाटतं?" घड्याळ मात्र दहा मिनिटं पुढंच आहे. तेवढं मला जमलेलं नाही.

त्या शनिवारी बाईंनी छत्री उचलली, चपला घातल्या. पायरी उतरल्या आणि परत वळल्या. मी दारात उभी होते, सूप कमरेवर, हन्ना पदराला.

"बाई, तुमचे उपकार मी मनात जपून ठेवीन," मी म्हटलं.

"ठेवू नकोस," सालोमेबाई म्हणाल्या. "आज ऐकलंस ते पुढच्या घरी जाऊन सांग, आणि त्यांना म्हणावं, तुम्ही त्याच्या पुढच्या घरी सांगा. हेही ठेवलं की कडू होतं."